चांदी शेठची, मजुरी आपली

हुपरीत माणसाला उत्पन्न विचारू नये. रुपयांत उत्तर मिळायचं नाही. घरोघरी पैंजण घडवणारं हे गाव, इथं माणसाची पत किलोत मोजतात. "यंदा दीडशे किलो काढली," असं कुणी टपरीवर म्हटलं की ऐकणारे मान डोलवतात. ती चांदी व्यापाऱ्याची असते. वजन करून येते, पैंजण होऊन वजन करूनच परत जाते आणि घडवणाऱ्याला मिळते ती मजुरी. हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण बोलून कुणी दाखवत नाही. बापूसो मगदुमांची सगळी हयात या रीतीत गेली आणि त्याच रीतीपायी त्यांच्या सोनलचं एम.एस्सी. अडलं.

सोनल कोल्हापुरात विद्यापीठात रसायनशास्त्र शिकत होती. सकाळी हुपरीहून एस.टी. धरायची, संध्याकाळी परत येऊन आई राजमतीच्या शेजारी कड्या जोडायला बसायची. फीचं गणित घरात ठरलेलं होतं. पहिला हप्ता आईच्या भिशीतून, बाकीचं शिष्यवृत्तीतून. अर्ज तिनं स्वतः भरला आणि मैत्रिणींनाही भरून दिला. उत्पन्नाचा दाखला तेवढा वडिलांनी काढून आणला होता, तो तिनं न वाचताच मोबाइलवरून चढवून दिला. शिकल्यासवरल्या पोरीनं असं करावं का? करू नये. पण बापानं आणलेला कागद कोण तपासून बघतं?

तीन आठवड्यांनी अर्ज परत आला. शिष्यवृत्तीच्या खिडकीत अनुजा मॅडम बसत. त्यांनी संगणकाचा पडदा सोनलकडे वळवला. वार्षिक उत्पन्न बारा लाख. मर्यादा आठ लाखांची. सोनलला आधी हसू आलं, मग तिनं आकड्यातली शून्यं मोजली. मॅडमनी सरळच सांगितलं, दुरुस्त दाखला दहा दिवसांत आणला तर अर्ज पुढं पाठवता येईल, नाहीतर पूर्ण फी भरावी लागेल, तीही नाही भरली तर प्रवेश जाईल. भिशी तर कधीच संपली होती.

एखादी तिथंच रडली असती. सोनलनं विचारलं, उत्पन्न म्हणजे तुम्ही नेमकं काय धरता? पैसे कधी जमा होणार एवढंच ऐकून मॅडमचे कान किटले होते, हा प्रश्न त्यांना नवा होता. त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "हातातून जातं ते नाही धरत. घरात राहतं ते धरतो. तुमच्याकडं काय राहतं ते खरं लिहून आण, पुढचं मी बघते."

घरी आल्यावर उलगडा झाला. तलाठ्याच्या माणसानं विचारलं तेव्हा चावडीवर सयाजी भोसल्यासकट चार ओळखीचे कारागीर बसले होते. अशा वेळी खरा आकडा सांगायचा म्हणजे भरल्या चावडीत टोपी काढून ठेवण्यासारखं. बापूसोंनी छाती पुढं काढली आणि बारा लाखाला मरण नाही म्हणून सांगितलं. त्याच्याखाली सहीही ठोकली.

राजमतीनं हातातली पक्कड खाली ठेवली. "बारा लाख हुतं तर मला एक धड साडी घ्यायची हुती की," एवढंच ती बोलली आणि पुन्हा पक्कड उचलली.

बापूसो चिडले. फी मी भरतो म्हणाले, पण मजूर म्हणून कागदावर सही करणार नाही, गावात मला काही किंमत आहे. सोनलनं वाद घातला नाही. चांदी देणाऱ्या पारसशेठच्या पेढीवरची छोटी वही तिनं कोनाड्यातून काढली. दिलेली चांदी, आलेला माल, घडवताना झालेली घट, मजुरी, सगळं शेठच्या दिवाणजीच्या अक्षरात. तिनं चांदीचे आकडे सोडले आणि वर्षाच्या मजुरीची तेवढी बेरीज केली. दोन लाख शहात्तर हजार. नवरा-बायको दोघांची मिळून.

बापूसोंनी तिला पुन्हा बेरीज करायला लावली. मग तिसऱ्यांदा. आकडा काही हलेना. तीस वर्षांत ही बेरीज त्यांनी एकदाही केली नव्हती. सोनलला वडिलांची कीव आली आणि कीव आल्याचा स्वतःचाच राग आला. पण माघार घ्यायची नाही हे तिनं एस.टी.तच ठरवलं होतं.

"आण्णा, कचेरीत मी येतो संगट," ती म्हणाली. "पण बोलायचं तुम्हालाच पायजे. माझ्या तोंडचं त्यास्नी चालत न्हाय."

बापूसो उठून दारात जाऊन बसले. दिवस मावळायच्या आत जेवायची त्या जैन घराची रीत. राजमतीनं दोनदा ताट वाढलं, दोनदा झाकून ठेवलं. दिवस मावळला आणि ते उपाशीच निजले.

सकाळी सोनल आवरून बाहेर आली तर बापूसो धुतलेली टोपी घालून दारात उभे. हातकणंगल्याला तहसील कचेरीत कारकुनानं वही उलटून पालटून पाहिली. वही कुणीही लिहितो म्हणाला, चांदी ज्याची त्याच्या सहीचं पत्र आणा, मग नवीन दाखला करू. त्याचंही चुकलं नव्हतं. पण ते ऐकून बापूसोंचा चेहरा उतरला. कारण पारसशेठची पेढी म्हणजे गावातल्या कारागिरांचा अड्डा, आणि गुरुवारी तर माल वजनाला घालायला सगळेच यायचे.

नेमका गुरुवारच होता. पेढीवर सात-आठ जण तराजूभोवती बसलेले. बापूसोंना बघून सयाजी भोसल्यानं नेहमीसारखं विचारलं, यंदा कितीवर गेलं? सोनल उंबऱ्यात उभी होती. शेठला आत बोलावून घ्या, हळूच सांगा, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं. आज झाकून घेतलं तर पुढच्या वर्षी पुन्हा बारा लाख होतील.

बापूसोंनी टोपी सारखी केली.

"शेठ, एक कागद पायजे. चांदी तुमची, माझी निसती मजुरी, एवढं लिवून द्या. वर्साचं दोन लाख शहात्तर हजार. पोरीच्या फीला लागतंय."

तराजूचा काटा हलायचा थांबला तरी कुणी वजन वाचलं नाही. पारसशेठनं चष्म्यावरून बघितलं, दिवाणजीला कागद काढायला सांगितला आणि काही न विचारता सही केली. बापूसो कुणाकडं न बघता पायऱ्या उतरले. त्यांचे कान लाल झाले होते. आपल्या बापाचा एवढा अभिमान सोनलला आजवर कधी वाटला नव्हता.

नवा दाखला आठव्या दिवशी हातात पडला. यावेळी सोनलनं तो कचेरीच्या पायरीवरच तीनदा वाचला आणि नवव्या दिवशी अर्ज पुढं गेला.

त्या रविवारी सयाजी घरी आला. चहा झाला, पावसापाण्याचं झालं, तरी उठायचं नाव नाही. शेवटी त्यानं बंडीच्या खिशातून वही काढली. त्याची पोरगी स्वप्नाली यंदा कॉलेजला जाणार होती.

"दाखला काढलास?" बापूसोंनी विचारलं.

"काढलोय की." सयाजी जमिनीकडं बघत राहिला. "तुमी बारा सांगिटलं म्हणून मी पंधरा सांगिटलो."

राजमती पदर तोंडाला लावून आत पळाली. सोनल पेन घेऊन पुढं सरकली, तर बापूसोंनी तिच्या हातातलं पेन काढून घेतलं, चष्मा लावला आणि वही मांडीवर उघडली.

"चांदीची पानं सोड," ते सयाजीला म्हणाले. "मजुरीचं पान कुठाय ते दाव."