तिसऱ्या मजल्याची पिचकारी

पिचकारी मी बनवली, पण बाईंच्या डोळ्यावर ती मी मारली नाही. हे मी तेव्हाही ओरडून सांगत होतो, आजही सांगतो. ऐकतं कोण?

इंदूर मध्य भारत राज्यात होतं, तेव्हाचे दिवस. छत्रीबागेत माझं पितळी भांड्यांचं दुकान होतं, कुणाच्या बापाच्या मदतीशिवाय उभं केलेलं. रंगपंचमीला इंदुरात गेर निघते. रस्त्यावर मिरवणूक, वर गॅलऱ्या माणसांनी भरलेल्या. खालचा रंग जेमतेम दुसऱ्या मजल्यापर्यंत जायचा. मी पिचकारीचं नळकांडं लांब केलं, दट्ट्याला जाड चामडं बसवलं, तोंडाचं छिद्र अगदी बारीक केलं. धार थेट तिसऱ्या मजल्यावर! घासाघीस करणाऱ्याला मी सुनवायचो, "भिया, भाव उंचीचा आहे. दुसऱ्या मजल्याची शेजारी मिळेल."

अंगणात पहिल्यांदा चालवली तेव्हा बायको म्हणाली होती, "अहो, भिंतीचा चुना उडाला!"

"म्हणजे चांगली झाली," मी म्हणालो.

त्या रंगपंचमीला कुणीतरी ती जिन्यातून, चार हातांच्या अंतरावरून मारली. गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या बाईंचा उजवा डोळा गेला. मारणारा पळाला आणि सगळी गल्ली बोट दाखवायला लागली माझ्याकडे. मी तणतणत बाईंकडे गेलो. "सुरीने कुणी कुणाला भोसकलं तर लोहाराला पकडतात का?"

बाई वह्या अगदी नाकाशी धरून तपासत होत्या. म्हणाल्या, "सुरी दिसली असती तर पळाले असते. रंग येतोय म्हणून मी हसत उभी होते."

घरी येऊन उरलेल्या पिचकाऱ्या वितळवल्या. पण तोवर पितळ घडवणाऱ्या इतर कसेऱ्यांनी नक्कल केली होती. पुढच्या फाल्गुनात त्यांच्यातल्या एकाकडे गेलो. "छिद्र मोठं कर. भिंतीचा चुना उडतो याने."

"तो बढ़िया बनी है ना, उस्ताद!" तो हसला. "धंदा मार खा रहा है क्या आपका?"

आयुष्यभर लोकांना भावात वाकवलं, पण त्याच्यापुढे माझं काही चालेना. त्याच्या तोंडी माझंच वाक्य होतं.

रंगपंचमीच्या सकाळी बाईंना सांगायला गेलो, "आज गॅलरीत येऊ नका. एकच डोळा उरलाय."

"तुमच्या पिचकारीसाठी मी खिडक्या लावून बसू? वर्षातून एकदा गेर येते!"

डोकं सणकलं. दुकानात गेलो, सर्वांत मोठी परात उचलली आणि त्यांच्या गॅलरीत त्यांच्यापुढे धरून उभा राहिलो. खालून धार आली की परात ठणाणायची. गल्ली पोट धरून हसत होती. मी मारणाऱ्यांना, कसेऱ्यांना, स्वतःला शिव्या घालत होतो.

मागून बाईंचा आवाज आला, "जरा डावीकडे सरका हो. गेर दिसत नाही."

सरकलो. परात मात्र धरूनच होतो.