ग्रहणातलं पाणी

नाताळच्या सुट्टीत शाळेची माशांची काचपेटी घरी आणली आणि विष्णुपंत मास्तरांच्या जिवाला घोर लागला. तुळजापुरात थंडी मरणाची. शाळेतल्या दोन हीटरांतला मोठा त्यांनी मुद्दाम नाकारला. एवढ्याशा पेटीत तो मासे उकडून काढील, ही धास्ती. लहान लावला, तरी तासातासाला पारा बघायचे.

त्यात सूर्यग्रहण आलं. "काकू, हवं तर तुळशीपान टाका, पण पेटीतलं पाणी ओतू नका. गार पाण्यानं मासे मरतात," असं त्यांनी घरातल्या वयस्कर द्वारकाकाकूंना दहादा बजावलं.

ग्रहण सुटल्यावर ते आंघोळ करून आले, तर पेटी अर्धी रिकामी. हीटर उघडा पडून तापत होता आणि काकू तांब्याचा गडू बुडवून उरलेलं पाणी उपसत होत्या.

"ग्रहणातलं पाणी घरात ठेवतात होय रे?"

"काकू, हात काढा! शॉक बसेल!" विष्णुपंत किंचाळले आणि धावत जाऊन त्यांनी हीटरचं बटण बंद केलं.

मासे तळाशी निवांत फिरत होते. विष्णुपंतांनी काकूंच्या हातातला गडू काढून घेतला. माशांना काय होईल ते त्यांनी दहादा सांगितलं होतं. काकूंना काय होईल ते एकदाही नाही.