बहिणीच्या लग्नाचे पुरावे

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न खरं आहे, हे कॅनडाच्या सरकारला पटवून द्यायचं काम माझ्याकडं आलं. मी राळेगावला एका ऑनलाइन सेंटरवर काम करते. सातबारा, पीकविमा, उत्पन्नाचे दाखले, दिवसभर लोकांचे अर्ज भरते. त्यामुळं हे ताईच करेल, असं घरात ठरूनच गेलं. मला कुणी विचारलं नाही.

बहिणीचा नवरा मूळ बोरी अरबचा. कॅनडात एका गोदामात चांगल्या हुद्द्यावर आहे. सुट्टी घेऊन आला, बोरीतच लग्न झालं, तीन आठवडे राहिला आणि परत गेला. बहीण राळेगावला आईबाबांकडं राहून व्हिसाची वाट पाहू लागली.

एका दुपारी ती सेंटरवर आली आणि आपला मोबाईल माझ्या हातात देऊन म्हणाली, "ताई, त्यानं सांगतलं, आम्हा दोघाईचं मोबाईलवरचं बोलणं पुरावा म्हणून जोडा लागते. तूच निवड. मले लाज वाटते."

"अन् मी वाचलं त चालते?"

"तुह्यापासून काय लपवायचं?"

मग मी आठवडाभर, गिऱ्हाइकं नसतील तेव्हा, त्या दोघांचं बोलणं वाचत बसले. त्यात फार काही नव्हतंच. तो रोज विचारायचा, जेवली का. काय जेवली. भाजी कोणती होती. ती लिहायची, भेंडी. तो लिहायचा, मले ठेव. एवढंच. पण रोज. एक दिवस सुटलेला नव्हता. माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली. माझा नवरा जिनिंगमध्ये कामाला आहे, निर्व्यसनी, शांत माणूस. कापसाचे तंतू अंगावर घेऊन घरी येतो, आंघोळ करतो, ताट पुढं आलं की जेवतो. मी जेवले की नाही, हे त्यानं कधी विचारल्याचं मला आठवेना. आठवायचा प्रयत्न केला म्हणून जास्तच राग आला.

फोटोही निवडायचे होते. लग्नाच्या फोटोत तो तिच्या कानाशी वाकून काहीतरी सांगतोय आणि ती हसतेय. माझ्या लग्नाच्या फोटोत आम्ही दोघं रांगेत उभं केल्यासारखे दिसतो. बारावीला मला तिच्यापेक्षा जास्त मार्क होते. नागपूरला नर्सिंगला जायचं होतं मला. "तुह्यं आटोपलं की धाकटीचं पाहा लागते," असं बाबा म्हणाले, आणि विसाव्या वर्षी माझं आटोपलं. तिला मात्र शिकवलं. ती नर्स झाली. आता विमानात बसणार, आणि तिचा अर्ज मी भरणार.

ग्रामपंचायतीनं दिलेला लग्नाचा दाखला स्कॅन करताना मला दिसलं की त्यावर बहिणीचं जन्मवर्ष चुकलंय. पासपोर्टवर वेगळं होतं. असल्या चुका पकडणं हेच माझं काम आहे. रोज चार लोकांना मी तेवढ्यासाठी परत पाठवते. त्या दिवशी मी तो कागद तसाच अपलोड केला. मनात म्हटलं, चालून जाईल. चालणार नाही हे मला माहीत होतं.

चार महिन्यांनी पत्र आलं. जन्मतारीख जुळत नाही, दुरुस्त दाखला आणि खुलासा पाठवा, नाहीतर अर्ज फेटाळला जाईल. बहीण जेवेना. आईनं सगळ्या देवांना नारळ बोलले. बहिणीच्या नवऱ्याचा मला फोन आला. "ताई, तुम्ही हाय म्हणून मले काळजी नाही. ग्रामपंचायतवाल्याची चूक हाय ते." मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. मग सेंटरच्या मागं जाऊन तोंडावर पाणी मारलं.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली आणि आम्ही दोघी एसटीनं निघालो. यवतमाळला गाडी बदलून बोरी अरब. पंचायतीतल्या बाबूनं रजिस्टर काढलं. त्यात वर्ष बरोबर होतं, दाखला टाइप करताना चुकलं होतं. दोन तासांत नवा दाखला मिळाला. परत जायला आम्ही स्टँडवर बसलो. बहीण कागद छातीशी धरून म्हणाली, "ताई, तू नसती त काय केलं असतं मी!"

ते मला सहन झालं नाही. "मी पाह्यलं होतं ते," मी म्हणाले. "अपलोड करतानीच."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. "अन् सांगतलं नाही? काहून?"

"तो तुले रोज विचारते, जेवली का म्हणून."

"म्हणून?"

"म्हणून."

मला वाटलं, शिव्या देईल. ती हळूच म्हणाली, "त्याले तिथं कोणी विचारत नाही ताई. एकटा जेवते तो. म्हणून विचारते." मग तोंड फिरवून बसली.

आईला तिनं काही सांगितलं नाही. नवऱ्यालाही नसावं, कारण त्याचे फोन मला पूर्वीसारखेच येत राहिले. पण खुलाशाचा प्रत्येक कागद तिनं माझ्या शेजारी बसून, बोट ठेवून वाचला, आणि मगच मला बटण दाबू दिलं.

उन्हाळा संपताना व्हिसा आला. सगळे नागपूरला विमानतळावर गेलो. ती बाबांच्या पाया पडली, आईच्या गळ्यात पडून रडली. माझ्याजवळ आली, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "येतो मी ताई." आत जाताना दोनदा वळून पाहिलं, दोन्ही वेळा आईकडं. इतके महिने मी तिचा हेवा केला होता. त्या क्षणी मला आईचा हेवा वाटला.

आता तिचे फोन येतात. माझ्याशी बोलते, मुलांची चौकशी करते, बर्फाचे फोटो पाठवते. ते फोटो पाहिले की मला अजून तिचा हेवा वाटतो. एवढंच की आता मी तो ओळखते, आणि फोटो छान आहे असं लिहून पाठवते.