पहिल्या रांगेतली खुर्ची

"हा धर," म्हणून वहिनींनी उष्टा कप माझ्या हातात दिला. दादरच्या हॉलमध्ये, भरल्या लोकांत. त्या दिवशी मी कामाला आले नव्हते. माझ्या मुलीचं भाषण ऐकायला आले होते.

वहिनींकडे मी एकोणीस वर्षं धुणीभांडी करते. माझी मुलगी ताऱ्यांमधल्या वायूवर संशोधन करते. दुर्बीण नाही, सगळं गणितातून. आदल्या दिवशी लालबागच्या आमच्या खोलीत तिने भाषणाची तयारी माझ्यासमोर केली. मी चौथी शिकलेली, म्हणून सोपं करून सांगितलं. ताऱ्यांच्या मधे नुसती पोकळी नसते, विरळ वायू असतो. तापलेला असतो तोवर पसरतो. थंड झाला की आपल्याच वजनाने गोळा होतो, त्यातून तारा होतो. ज्या आकाशगंगेतला वायू संपतो, तिथे नवे तारे होत नाहीत. मग म्हणाली, "आई, पहिल्या रांगेत बस. घाबरले तर तुझ्याकडे बघून बोलेन."

मी खुर्चीवर रुमाल टाकून चहाला उठले, तेवढ्यात भाषण ऐकायला आलेल्या वहिनी भेटल्या. मी त्यांचा कप घेतलेला बघून त्यांच्या मैत्रिणीने तिचाही दिला. मग एका गृहस्थांनी, माझ्याकडे न बघता. "आमची बाई आहे, देऊन टाका," वहिनी हसत म्हणाल्या.

नाही म्हणायचं सुचलंच नाही. खोटं कशाला लिहू, त्या लोकांत मी बावचळले होते. कप हातात आले तेव्हा बरं वाटलं. मागच्या मोरीत जाऊन ते आणि तिथे पडलेले बाकीचेही कप विसळत बसले. तसं कोणी सांगितलंही नव्हतं. टाळ्या ऐकू आल्या तेव्हा भाषण संपलं होतं.

घरी येताना तिने विचारलं, "कुठे होतीस गं?"

"मागे बसले होते. छान बोललीस."



सोमवारी भांडी घासताना वहिनींनी सांगितलं. "शेवटी म्हणाली, माझी आई इथे बसलीय. खुर्चीकडे हात केला, तर तिथे नुसता रुमाल. हसलो गं आम्ही." आणि लगेच, "रविवारी पाहुणे आहेत. सगळ्यांना बघायचंय तिला. जरा लवकर आण, वाढायला मदत होईल."

मी नळ बंद केला.

"ती वाढायला येणार नाही. आणि वहिनी, त्या दिवशी मी तुमची बाई म्हणून आले नव्हते."

"एवढं काय मनाला लावून घेतेस? कपच तर होता."

कपच होता. घेणारे हात माझे होते. वहिनींना सुनावून ते धुतलं जात नाही. मुलगी माझ्या खुर्चीकडे हात करत होती आणि मी परक्यांचे कप विसळत होते. वर तिच्याशी खोटं बोलले.

आज ती घरी आली की हे तिला वाचून दाखवणार आहे. ती जे बोलेल ते ऐकणार आहे. पुढच्या भाषणाला रुमाल टाकणार नाही, मीच बसणार. कोणी कप पुढे केला तरी माझे हात मांडीवरून हलणार नाहीत.