सगळ्या रकान्यांत ‘नाही’

माझ्या निवृत्तीच्या समारंभात चार जण माझ्याबद्दल बोलले. जे बोलायला हवं होतं ते त्यांच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते मला एकट्याला — आणि मी गळ्यात हार घालून मान डोलवत होतो. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय.

बीडमधल्या एका दवाखान्यात मी समुपदेशक होतो. मधुमेह असलेली मुलं इन्सुलिन न्यायला यायची. डॉक्टरांनी रक्तातली साखर बघायची, मी घर बघायचं — अशी वाटणी. त्यासाठी एक छापील फॉर्म होता. जेवणाची ओढाताण होते का? इन्सुलिन गार ठेवायची अडचण आहे का? कुटुंब ऊसतोडीला जातं का? एका जरी रकान्यात ‘होय’ आलं, तर त्या मुलाला हंगामभर वसतिगृहात जागा मिळायची. तिथं फ्रिज, तिथं नर्स. इतका शहाणा कागद मी नोकरीत दुसरा पाहिला नाही.

दुष्काळाचं वर्ष होतं. एका सहकारी साखर कारखान्याला मधुमेही मुलांचा सत्कार करायची बुद्धी झाली. हो, साखर कारखान्याला. प्रत्येक मुलाला गुलाबाचं फूल आणि पेढ्यांचा डबा. व्यासपीठापेक्षा चेअरमनसाहेबांचा फोटो मोठा. आमच्या फॉर्मांवरून काढलेला अहवाल तिथं मी वाचायचा होता. आमच्या रोग्यांपैकी इतकी पोरं उसाच्या फडात जातात, असं त्या माणसासमोर कसं वाचणार?

वाचू नका, असं मला कोणी सांगितलं होतं? नाही. सांगितलं असतं तर निदान दुसऱ्याकडे बोट दाखवता आलं असतं. मी आपण होऊन घरी बसलो आणि एकाही आईबापाला न विचारता सगळे फॉर्म भरले. सगळ्या रकान्यांत ‘नाही’. पेनं मात्र दोन रंगांची वापरली — खरं वाटावं म्हणून. वाचनाची आवड असलेल्या माणसाला तपशिलाचं महत्त्व कळतं.

टाळ्या पडल्या. मी खाली उतरलो, तर समोर शिरूर कासारकडच्या मुक्ताबाई. सोबत नऊ वर्षांची आरती. पोरीनं न उघडलेला पेढ्यांचा डबा माझ्या हातात दिला. आपण तो खायचा नाही, एवढं तिला कळत होतं.

“सायेब, दिवाळी झाली की आमी तोडीला जानार. हिला मागं ठिवावं तर कुनी न्हाई. हे औषद गार कसं ठिवू?”

“माठात ठेवा. माठाला ओलं फडकं गुंडाळा.”

मुक्ताबाई हसल्या. “प्यायला टँकर हाय, त्यो बी आठ दिसाला. माठाला कुठलं पानी घालू? तुमच्या कागदात कायी सोय हाय का?”

होती ना. तिच्या पोरीचा फॉर्म माझ्या पिशवीत होता, पेन खिशात. एक खूण खोडायची, दुसरी करायची. पण आकडा नुकताच माइकवरून वाचून झाला होता —

“बघतो,” म्हणालो.

पाहिलं नाही. वसतिगृहातली जागा हंगामभर रिकामी राहिली. आरती आईबापांबरोबर फडावर गेली. तिथल्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, पत्र्याच्या पेटीत इन्सुलिन तापत राहिलं. आई रोज न चुकता सुई टोचत होती. औषधात जोर उरला नव्हता. फाल्गुनात पोर गेली. दवाखाना गाठायच्या आत, बैलगाडीत.

इथं थांबलो तर तुम्ही मला भित्रा म्हणाल. तेवढ्यावर सुटायला मला आवडलं असतं.

हंगाम संपल्यावर मुक्ताबाई दवाखान्यात आल्या. उरलेल्या कोऱ्या सुया परत द्यायला — दुसऱ्या कुणाच्या लेकराला होतील म्हणून. सुया टेबलावर ठेवल्या आणि मला विचारलं, “सायेब, आमचंच कायी चुकलं का?”

त्या वेळी मी काय म्हणालो असेन? मी मान खाली घातली नाही. माझा तो समुपदेशकाचा आवाज लावला आणि म्हणालो, “औषध गार ठेवायला सांगितलं होतं ना, बाई?”

त्यांनी पदर सावरला आणि निघून गेल्या.

मध्ये त्यांच्या गावचा एक माणूस भेटला. सांगत होता, बाई अजून येईल-जाईल त्याला म्हणते — माझ्याच हातानं पोर गेली, सायबानं सांगितलं होतं, मला जमलं न्हाई.

मी त्याला चहा पाजला. तिचं म्हणणं खोटं आहे, हे सांगितलं नाही.