मनालीपर्यंतचे थांबे

आमच्या भावजींच्या, म्हणजे धाकट्या दिराच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते तडीस जाईपर्यंत घरात कुणाला सुख नाही. गेल्या दिवाळीत त्यांच्या डोक्यात घरगाडी शिरली. सुप्याला कंपनीत नोकरी करतात आणि जेवायच्या सुट्टीत मोबाईलवर कुणाकुणाचे प्रवासाचे व्हिडिओ बघतात. गाडीतच झोपायचं, गाडीतच स्वयंपाक करायचा आणि मे महिन्यात सगळ्या घरानं मिळून थेट मनाली गाठायची, असं त्यांनी फराळाच्या ताटावर बसून जाहीर केलं. मी म्हटलं, "भावजी, गाडीतही स्वयंपाकच करायचा असेल तर मी इथं काय वाईट आहे?" सगळे हसले. मीही हसले.

जुना टेम्पो ट्रॅव्हलर घेतला आणि नागापूरच्या एमआयडीसीत, आमचे हे जिथं फॅब्रिकेशनचं काम करतात तिथं आणून उभा केला. मालकाला विचारून ह्यांनी सुट्टीच्या दिवशी खपून ती गाडी आतून पार बदलली. वर झोपायला फळ्या, मागं गादी, एक शेगडी, भांडी घरंगळू नयेत म्हणून मांडणीला पट्टी. आणि दाराशेजारी अगदी खाली, कठडा लावलेला एक अरुंद पलंग. तो आण्णांसाठी. दाराची कडीसुद्धा ह्यांनी मुद्दाम खाली बसवली, आण्णांना उतरताना धरायला बरी म्हणून.

आण्णा म्हणजे माझे सासरे. कोपरगावकडच्या साखर कारखान्यात त्यांचा जन्म गेला. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडं राहायला आले आणि मग हळूहळू त्यांच्या डोक्यातनं एकेक गोष्ट निघून जायला लागली. आधी चष्मा कुठं ठेवला ते विसरायचे, मग जेवलेलं विसरायला लागले, मग माणसं. मला कधी दवाखान्यातली बाई समजतात, कधी शेजारीण. सून म्हणून क्वचितच ओळखतात. दार उघडं दिसलं की चालायला लागतात. कुठं निघालात विचारलं तर म्हणतात, "भोंगा झाला न्हवं." अंघोळ, गोळ्या, जेवण, धुणं, सगळं माझ्याकडं. उठल्यापासून माझ्या तोंडात एकच, "आण्णा, थांबा. अहो आण्णा, थांबा जरा."

लोक विचारायचे, कसं करता हो सगळं? दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल कसा होतो, असतो आपलाच पण हात लावला तरी कळत नाही, तशी मी झाले होते. दुखत काहीच नव्हतं. चिडायची मात्र रोज, कारण स्वभावच मेला तसला. पण आतनं चीडसुद्धा येत नव्हती, नुसता आवाज चढायचा. शेजारणीला वाटायचं, ही बाई किती तापट. मी म्हणायचे, वाटू दे.

तर प्रवासातले थांबे ठरवायचं काम माझ्यावर आलं. भावजी म्हणाले, "वहिनी, आण्णा कुठं बसतील, कुठं बिथरतील, हे तुम्हालाच माहीत. थांबे तुम्हीच ठरवा." मी वणीच्या गडापलीकडं गेलेली बाई नाही, आणि मला राजस्थान-पंजाबातले थांबे ठरवायला सांगतात! पण बसले मोबाईल घेऊन. आण्णांना दुपारची गोळी दिली की ते जरा पडायचे, तेवढ्यात मी नकाशा उघडायचे. बोटांनी तो मोठा करत करत रस्त्याकडेच्या पंपांचे फोटो बघायचे.

माझं गणित साधं होतं. संडासात कमोड पाहिजे, पायरी नको. ढाबा रस्त्याला खेटून नको. जवळ कालवा नको, पाणी दिसलं की आण्णा तिकडं वळतात. कारखाना तर नकोच नको, भोंगा वाजला की हे निघाले ड्यूटीवर. एवढ्या अटी घातल्या की हिंदुस्थानात थांबायला जागाच उरत नाही, हे मला तेव्हा कळलं. इंदूरच्या पुढच्या एका पंपावर मी फोन लावला आणि माझ्या मोडक्या हिंदीत विचारलं, "भैया, आपके संडास में कमोड है क्या?" तो म्हणाला, "मॅडम, डिझेल भराना है कि नहीं?" मी म्हटलं, "पहले कमोड बताओ." त्यानं फोन ठेवला. तो थांबा मी काढून टाकला.

सगळा रस्ता असा आण्णांच्या मापानं बेतला. मनमाड, धुळे, सेंधवा, इंदूर, कोटा, जयपूर, पुढं चंदीगड. एकच थांबा मी माझ्यासाठी घातला, महेश्वरचा. धामणोदवरून थोडं आत वळावं लागतं. नर्मदेचा घाट, उतरत्या पायऱ्या, भरपूर पाणी, म्हणजे आण्णांसाठी सगळंच चुकीचं. तरी मी तो घातला. ह्यांनी आण्णांना गाडीत धरून बसावं आणि मी एकटीनं घाटावर जाऊन पाण्यात पाय सोडून बसावं, एवढंच मला पाहिजे होतं. मनाली-बिनाली, बर्फ-बिर्फ मला काही नको होतं. तेवढा वेळ कुणी हाक मारू नये, आणि मारलीच तर ती मला ऐकू येऊ नये. जावेला मी हे बोलले. ती म्हणाली, "ताई, मीपण येते तुमच्याबरोबर घाटावर." मी म्हटलं, "तू अजिबात यायचं नाही."

महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. आमची मुलगी आणि जावेची दोन पोरं रविवारी जमली की खेळ चालायचा. धुळ्यानंतरचा थांबा? सेंधवा! सेंधव्यानंतरचा थांबा? आण्णा दिवाणावर बसून ऐकत असायचे. मधेच तेही विचारायला लागले, "आला का थांबा?" पोरांना मजा वाटायची. "नाही हो आण्णा, अजून लांब आहे," असं म्हणायची. आण्णा मान हलवून परत नीट बसायचे. मला तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नाही.

एप्रिलमध्ये सगळ्यांनी कोपरगावपर्यंत चाचणी करायची ठरवली. एक मुक्काम करायचा आणि परत यायचं. राहुरी ओलांडली तशी आण्णांची कळी खुलली. दोन्हीकडं ऊस, ओळखीचा रस्ता. त्यांनी पोरांना कारखान्याची चिमणी दाखवली, बगॅस म्हणजे रस काढून उरलेलं उसाचं चिपाड, हे सांगितलं. एवढं बोलताना मी त्यांना कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. हे गाडी चालवत होते. मला म्हणाले, "बघ, उगाच घाबरत होतीस." मी म्हटलं, "समोर बघा."

कोपरगाव जवळ आलं. डिझेल भरायला ह्यांनी पंपाकडं वळण घेतलं आणि गाडी हळू झाली. तसे आण्णा कठड्याला धरून उठले. मी शेगडीपाशी होते, माझ्या हातात दुधाचं पातेलं. मी ओरडले, "आण्णा, थांबा!" जाऊ ओरडली, "थांबा!" भावजी, पोरं, सगळी गाडी एका सुरात ओरडली, "थांबा! थांबा!" आण्णांनी शांतपणे मान हलवली, खाली हात घालून कडी सरकवली आणि उतरले.

नशीब, गाडी रांगतच होती. तरी ते आडवे झालेच. कपाळ फुटलं, कोपर सोललं, उजव्या मनगटाचं हाड चिरलं. मी धावत गेले, पदर कपाळाला लावला. आण्णा रस्त्यावर बसून आमच्या तोंडांकडं बघत होते. म्हणाले, "वरडता कशापायी? थांबा आला म्हनून तर उतारलो."

मला हसू आलं. खरं सांगते, रक्त पुसता पुसता हसू आलं आणि जावेनं माझ्याकडं वेड लागल्यासारखं बघितलं. ज्या शब्दानं मी त्या माणसाला उठल्यापासून झोपेपर्यंत अडवत होते, त्याच शब्दाला आम्ही महिनाभर गावांची नावं चिकटवत बसलो होतो. त्यांनी नेमकं काय ऐकायचं? खरं तर त्यांनी आमचं अगदी बरोबर ऐकलं होतं.

आण्णांचा हात प्लास्टरमध्ये घालून आम्ही मुक्काम न करता परतलो. पुढच्या रविवारी भावजी आणि जाऊ नागापूरला आमच्याकडं आले. चहा झाला. भावजी कपाच्या कानाशी खेळत म्हणाले, "आण्णांना आता नेता यायचं नाही." सांभाळायला बाई ठेवावी असं त्याच आठवड्यात ठरून गेलं होतं. ती एक दिवस आली आणि आण्णांनी तिला चोर म्हणून हाकलली. ह्यांनी घसा खाकरला. म्हणाले, "मी थांबलो असतो, पण गाडीत काही बिघडलं तर मलाच कळतं." आणि ते खरं होतं. ते खोटं असतं तर मी तिथंच भांडण काढलं असतं.

मग भावजी म्हणाले, "वहिनी, मला वाटतं तुम्हीच थांबा."

"म्हणजे माझा थांबा नागापूर," मी म्हटलं.

कुणी हसलं नाही. मुलगी म्हणाली, "मग मीपण नाही जात." मी तिला म्हटलं, "गप बस, कपडे भरायला लाग." वाईट वाटायला पाहिजे होतं, हे मला समजत होतं. मी वाट बघितली. कप विसळताना बघितली, कणीक भिजवताना बघितली. काही आलं नाही. निदान एखादं भांडं तरी आपटावं म्हणून मी झारा जोरात टाकला, तर तो मुकाट्यानं ओट्यावर पडून राहिला.

थांबे मात्र परत ठरवावे लागले, आणि ते मलाच, कारण रस्ता आता मला तोंडपाठ झाला होता. आण्णा नाहीत म्हटल्यावर कमोडची अट गेली, पाण्याची गेली. पोरांना आवडतील असे नदीकाठ घातले. महेश्वरचा थांबा मी काढला नाही. आण्णांचा पलंग मात्र ह्यांनी काढला आणि तिथं छोटा फ्रिज बसवला. मला दाखवायला बोलावलं. मी म्हटलं, "छान झालं, दही राहील."

निघताना दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लाडू, सगळं डब्यांत भरून दिलं. जाऊ गळ्यात पडून रडली. मी तिच्या पाठीवर थोपटलं. गाडी वळणावर दिसेनाशी झाली आणि मी आत येऊन कडी घातली, कारण आण्णा उठले होते.

रोज फोन यायचे. इथं अमुक खाल्लं, तिथं तमुक बघितलं. रस्ता चुकला की भावजी मलाच विचारायचे, आणि मी भाजी चिरता चिरता सांगायचे की पुलाच्या आधी डावीकडं वळा. धामणोदच्या दिवशी मी सकाळपासून फोन ओट्यावरच ठेवला होता. दुपारी आला तो इंदूरवरून. भावजी म्हणाले, "वहिनी, ते महेश्वर सोडलं बरं का. आत जाण्यात उगाच वेळ गेला असता." मी म्हटलं, "असू दे." मागनं मुलीचा आवाज आला, "आई, फोटो तरी काढायला पाहिजे होता ना तुझ्यासाठी." मी म्हटलं, "आण्णांची जेवायची वेळ झालीय," आणि फोन ठेवला.

आण्णांचा उजवा हात अजून प्लास्टरमध्येच होता, त्यामुळं मीच भरवत होते. वरणभात कालवला, समोर बसले. त्या दिवशी ते शांत होते. दोन घास खाल्ले आणि माझ्याकडं निरखून बघायला लागले.

"बाई, तुमी जेवलात का?"

"जेवते मग."

"तुमचं घर कुठं?"

"इथंच आहे जवळ."

"मंग जावा की. घरची मान्सं वाट बघत असतील."

"मी गेल्यावर तुम्हाला कोण बघेल?" मी विचारलं. उगाच, घास गिळेपर्यंत काहीतरी बोलायचं म्हणून.

"सून हाय की माजी."

माझा हात ताटातच राहिला. म्हटलं, "कुठंय ती?"

"गेलीय फिराया. गाडीतनं, लई लांब." आण्णांनी खिडकीकडं बघितलं. "मीच म्हनलं, जा बाई. लई केलं तिनं माजं. बोलत न्हाई ती, वरडती निस्ती. पर मला दिसतं ना, तिचा जीव न्हाई हितं."

मी घास उचलला. त्यांनी तोंड उघडलं, खाल्लं. मला वाटलं, झालं यांचं बोलून. पण मीच विचारलं, आणि माझा आवाज मलाच ओळखू येईना. "परत येईल ना ती?"

"न्हाई आली तरी चालंल," आण्णा म्हणाले. "तुमी हाय ना."

मी हो म्हटलं. आणि मग हातातला भात तसाच ठेवून, सासऱ्यांसमोर, मी मोठमोठ्यानं रडले. इतक्या वर्षांचं सगळं एकदम दुखलं. आण्णा घाबरले. डावा हात कसाबसा उचलून त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला.

"रडू नगा बाई," ते म्हणाले. "येईल ती."