डावणीचं गणित

समोर जे दिसेल त्याचं समीकरण मांडायची मला वाईट खोड आहे. नाशिकच्या कॉलेजात गणित शिकवतो तिथवर ते ठीक, पण ही खोड मामांच्या दिंडोरीच्या द्राक्षबागेत शिरली. डावणी हा द्राक्षावरचा रोग. पान किती तास ओलं राहिलं आणि हवा किती गार होती, यावरून तो येणार का हे सांगणारं मॉडेल मी बनवलं. बागेत पानासारखी एक पट्टी टांगली. ती ओलावा मोजायची आणि आकडे माझ्या मोबाइलवर यायचे. "नाजूक वस्तू आहे, जपा," असं मामा-मामींना चारदा बजावलं.

बाग फुलोऱ्यात आली आणि आभाळ भरून राहिलं. अशा वेळी डावणी शिरली की घडच हातचे जातात. सकाळीच मामांचा फोन आला.

"औषध मारू का रे? बागंत हिंडलो तं सदरा पार वला झाला."

मी आकडे पाहिले. पट्टी रात्रभर ठणठणीत कोरडी. "नका मारू," मी ऐटीत म्हणालो.

"तू म्हनतो तं नाय मारत."

त्या विश्वासानेच मी आकडे पुन्हा तपासले. एकाच बागेत पट्टी कोरडी आणि सदरा ओला, हे जमेना. मॉडेलने निदान हा प्रश्न तरी उभा केला होता. उत्तर मात्र मोबाइलमध्ये नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटेच गाडी काढली.

पट्टीवर दुधाची रिकामी पिशवी होती, रबर लावून घट्ट बसवलेली.

"दवानं खराब व्हईल ना," मामी कौतुकाने म्हणाल्या. "रोज दिवे लागले का घालते, ऊन आलं का काढते. लय जपलंय."

मला हसू आवरेना आणि स्वतःचा रागही आला. मामांनी लगेच ट्रॅक्टर काढून फवारणी सुरू केली. मी ओळीन् ओळ पानं उलटून पाहिली. कुठेही डाग नव्हता. बाग वाचली होती.

चहा घेताना मामींनी विचारलं, "तुझं मॉडेल येवढं शहानं, तं त्याला पिशवी कळली नाय?"

"नाही मामी. त्याला सांगावं तेवढंच कळतं."

"मंग मला इचारायचं ना. मी रोज बागंतच ऱ्हाते."

त्या रागावल्या नव्हत्या, म्हणून जास्तच लागलं. इतक्या वर्षांत मी त्यांना बागेतलं काहीच विचारलं नव्हतं. मग तिथेच वही काढली आणि विचारत बसलो. चहा तीनदा झाला.